कायदा गेला, दप्तर राहिले

प्रतिवर्षी ३१ ऑगस्ट हा दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. नरवीर उमाजी नाईकांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण होतो, वडीलधारी मंडळी दोन शब्द बोलतात, परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. १९५२ साली ह्याच दिवशी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ देशातून उठला, एवढे आता आपल्या लहान मुलांनाही ठाऊक झाले आहे. परंतु समारंभ आटोपून घरी परतल्यावर एक प्रश्न मनात घोळत राहतो. कायदा जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. मग गावात घरफोडी झाली म्हणजे पहिली चौकशी आपल्याच आळीत का व्हावी? ह्याचे उत्तर एखाद्या फौजदाराच्या स्वभावात शोधून सापडावयाचे नाही. ते पोलीसखात्याच्या इतिहासात व त्याच्या दप्तरात शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

आपला रामोशी-बेरड समाज हा मूळचा रखवालदारांचा समाज होय. देशावरील जुन्या ग्रामव्यवस्थेत रात्रीचा पहारा जागल्याकडे असे. गावात चोरी झाली तर चोराच्या पाऊलखुणा शोधून माग काढणे हे त्याचे कर्तव्य. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला म्हणजे पुढील जबाबदारी त्या गावच्या रखवालदारावर पडे. न पोचविता आला तर गेल्या मालाची भरपाई करून देण्याचा बोजा रखवालदारावर येई. ह्या जोखमीच्या मोबदल्यात त्याला बलुत्याचे धान्य, इनाम जमीन व मानपान मिळे. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. तीत उच्चनीचता होती, आणि हक्क न मिळाल्यास पहारेकऱ्याने स्वतःच गावाला उपद्रव दिल्याची उदाहरणेही आहेत. तथापि गावाला त्याची गरज होती आणि गाव त्याला ओळखीत असे, हे निर्विवाद आहे.

१८१८ साली पेशवाई अस्तास गेली आणि हे चित्र पालटू लागले. पुरंदरच्या रखवालीचे जुने हक्क हिरावले गेले. ज्यांचे पोट ह्या हक्कांवर होते त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. उमाजी नाईकांचे बंड ह्या परिस्थितीतून उद्भवले. मध्यंतरी सरकारने रामोश्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या चाकरीतही घेतले होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो हात बंडाला उठला तोच पहाऱ्याला सर्वांत योग्य, हे नव्या राज्यकर्त्यांनाही कळत होते. पुढे उमाजी पुन्हा उठले, पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८३३ साली, कॅप्टन मॅकिंटॉश ह्या लष्करी अधिकाऱ्याने रामोशी जमातीवर एक ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध केला. त्यात आपल्या चालीरीती आहेत, बोली आहे आणि उमाजींचे चरित्रही आहे. ग्रंथ मोलाचा आहे, ह्यात शंका नाही. परंतु एका बंडाचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाने लिहिलेली ही माहिती आहे, हे विसरता कामा नये. राज्यकर्त्याने एखाद्या जमातीची ओळख प्रथम तिच्या गुन्ह्यांच्या निमित्ताने करून घेतली, की पुढील सर्व दप्तरांत तीच ओळख उतरत जाते.

ह्याच सुमारास नव्या पोलीसखात्याची घडण चालू होती. १८४३ साली सिंध प्रांत जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर ह्याने तेथे आयर्लंडच्या धर्तीवर पोलीसदल उभे केले. आयर्लंड हा इंग्रजांनी दबावाखाली ठेवलेला देश. तेथील पोलीस हत्यारबंद व बराकीत राहणारे असून त्यांना लोकांच्या विश्वासापेक्षा वरिष्ठांच्या हुकुमाची पर्वा अधिक. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला, तोही पुष्कळ अंशी ह्याच धोरणाने. मुंबई इलाख्यात १८६७ साली जिल्हा पोलीस व ग्राम पोलीस असे दोन स्वतंत्र कायदे करण्यात आले. गावचा पहारेकरी पोलीस पाटलाच्या हाताखाली गेला आणि पाटील जिल्ह्याच्या अंमलदाराच्या. रखवालीची विद्या जुन्या जागल्याकडेच राहिली, परंतु अधिकार व विश्वास ही दोन्ही त्याच्या हातून सुटली.

आता १८७१ च्या कायद्याकडे वळू. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ संमत झाला. त्याच्या समर्थकांची विचारसरणी थोडक्यात अशी: हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो, त्याच न्यायाने काही जातींचा पिढीजात धंदा चोरी हाच असला पाहिजे. आपल्याच समाजातील जातिभेदाचा आधार घेऊन परक्या सरकारने हा सिद्धांत रचला, आणि उच्चवर्णीय सुशिक्षितांपैकी पुष्कळांना तो पटला, ही कटू गोष्ट मान्य करणे प्राप्त आहे.

कायद्याची कलमे पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो. प्रांतिक सरकारने एखाद्या जमातीस ‘गुन्हेगार’ ठरविले की तो ठराव अंतिम. त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही. जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढवावयाची. नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हद्द ओलांडावयाची नाही. चुकल्यास सक्तमजुरी व फटके. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद झाली. १९११ साली कायदा सुधारून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होईल असा करण्यात आला व बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार मिळाला. १९२४ साली ह्या सर्वांचे एकत्रीकरण झाले. मूळ कायद्यात आणखी एक कलम होते, ते आपल्या दृष्टीने फार बोलके आहे. नोंदलेली माणसे हलली तर वर्दी देण्याचे बंधन गावच्या पाटलावर व पहारेकऱ्यावर घातलेले होते. म्हणजे पहारेकऱ्याने आता चोराचा माग काढावयाचा नव्हता, तर माणसाच्या जातीचा काढावयाचा होता.

मुंबई इलाख्यात ह्या कायद्याखाली विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इत्यादी ठिकाणी वसाहती स्थापन झाल्या. तारेच्या कुंपणातील सोलापूरच्या वसाहतीतून माणसे गिरणीत कामाला जात व हजेरीसाठी परत येत. त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. शाळा, दवाखाना व काम ह्यांची सोय वसाहतीत झाली हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि काही अधिकारी सद्भावनेने राबले हेही खरे. परंतु ज्याने गुन्हा केलेला नाही त्याला कुंपणात ठेवून केलेला उपकार हा उपकार म्हणता येत नाही.

येथे पोलीससुधारणेच्या इतिहासातील एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. लॉर्ड कर्झन ह्याच्या कारकीर्दीत १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर ह्याच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन बसले. पोलीसखाते अकार्यक्षम, लाचखाऊ व जुलमी आहे, असा स्पष्ट अभिप्राय त्याने दिला. पगार वाढवावे, भरती व शिक्षण सुधारावे, अशा सूचनाही केल्या. मग असे खाते ज्या याद्या करते त्या याद्यांवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न साहजिकच निघावयास हवा होता. तो निघाला नाही. उलट कमिशन उठल्यावर आठच वर्षांनी, १९११ साली, त्याच खात्याच्या हाती सबंध देशभर याद्या करण्याचा अधिकार आला. पोलिसांना सुधारावे असे सर्वांना वाटत होते. पोलिसांनी ज्यांना चोर म्हटले ते चोर नसतील, असे मात्र फार थोड्यांना वाटले.

स्वातंत्र्याच्या चळवळीत ह्या कायद्याविरुद्ध आवाज उठू लागला. पंडित नेहरूंनी १९३६ साली त्याचा कठोर शब्दांत निषेध केला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली कायदा रद्द केला. त्याच वर्षी केंद्र सरकारने अनंतशयनम अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५२ साली देशभर मुक्तता झाली. कुंपणे निघाली, हजेरी थांबली. आपल्या आजोबांच्या पिढीने तो दिवस सणासारखा साजरा केला असल्यास नवल नाही.

परंतु ज्या समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली, तिनेच त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा असावा असेही सुचविले. त्याप्रमाणे निरनिराळ्या राज्यांत कायदे झाले. आपल्याकडे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा झाला. तत्त्वतः ह्यात मोठा फरक आहे, तो मान्य केला पाहिजे. जुना कायदा जातीवर होता, नवा कायदा व्यक्तीवर व तिच्या शाबीत गुन्ह्यांवर आहे. प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. १ सप्टेंबर १९५२ रोजी ठाण्यात कामावर आलेला अंमलदार तोच होता, कपाटातील नोंदवह्या त्याच होत्या, आणि कोणत्या वस्तीत रात्री चक्कर टाकावयाची हे शिकविणारा जुना जमादारही तोच होता. नव्या अंमलदारास जुन्याने ‘चार्ज’ देताना किल्ल्यांबरोबर हे ज्ञानही दिले. संसदेने रद्द केलेली गोष्ट अशा रीतीने हातोहात पुढे गेली. संस्थेचा पूर्वग्रह म्हणतात तो हाच. त्याला कोणा एका दुष्ट माणसाची गरज लागत नाही. नेमलेले काम नेमाने करणारा सज्जन माणूसही तो चालवू शकतो.

ठाण्यातील ‘हिस्ट्रीशीट’ म्हणजे काय, हे आपल्या पुष्कळ कुटुंबांना सांगावयास नको. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याचे हे कच्चे चरित्र. ह्या संबंधात उत्तर प्रदेशातील खडक सिंग ह्यांचा खटला प्रसिद्ध आहे. १९४१ साली एका दरोड्याच्या प्रकरणात त्यांना धरले, पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही हिस्ट्रीशीट उघडले गेले आणि पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ रोजी रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरविल्या, परंतु पाळतीचे इतर प्रकार कायम ठेवले. व्यक्तीच्या खाजगीपणाचा हक्क मूलभूत आहे, हा निर्णय होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

दप्तरातील संशय माणसाला कोठवर नेऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडून पाच जणांचा खून झाला. अत्यंत अमानुष असा तो गुन्हा होता. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला भरण्यात आला. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यानंतर पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळी माणसे ओळखली होती, त्यांना पकडण्यात आले नाही, ही गोष्ट तोपर्यंत दडून राहिली होती. आरोपी भटक्या जमातीचे व निर्धन होते, त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याचे नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली व दोषी अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले.

सोळा वर्षांची भरपाई पाच लाखांत होते काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. दुसरी एक बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्या कुटुंबाची पाच माणसे गेली त्याला न्याय मिळाला काय? खरे गुन्हेगार मोकळे राहिले. पूर्वग्रहाने निरपराध्यावर अन्याय होतो, हे आपण नेहमी बोलतो. त्याने खरा चोर वाचतो, हे गावकऱ्यांना समजावून सांगण्यात आपण कमी पडलो. जुना जागल्या पाऊलखुणा पाहून माग काढीत असे. जात पाहून माग काढला तर तो भलत्याच दारात जाऊन थांबतो.

पोलीससुधारणेच्या प्रयत्नांचा पुढील वृत्तांत अल्पात पाहू. आणीबाणीनंतर १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते बहुतांशी कपाटात पडून राहिले. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंग ह्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला व २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले: अधिकाऱ्यांस निश्चित मुदतीची नेमणूक, तपास व बंदोबस्त ह्यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण इत्यादी. महाराष्ट्रात २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. ह्या सुधारणांचा मुख्य रोख पोलिसांना राजकीय दडपणातून सोडविण्याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कोणाच्याही दडपणाखाली नसलेल्या पोलिसाच्या हाती जुनीच यादी राहिली, तर तो तीच यादी अधिक निर्धास्तपणे चालवील. म्हणून वरून होणाऱ्या सुधारणेबरोबर ठाण्यातील कपाटाचीही सुधारणा झाली पाहिजे.

ह्या दिशेने पहिले स्पष्ट पाऊल अलीकडे पडले, हे समाधानाने नमूद करावेसे वाटते. ७ मे २०२४ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटच्या पद्धतीकडे आपण होऊन लक्ष वळविले. मागास व विमुक्त जातींतील निरपराध माणसांची नावे केवळ जातीमुळे अशा नोंदींत चढू नयेत, वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदींची वेळोवेळी तपासणी करावी, असे सांगून इतर राज्यांनाही आपल्या धोरणाचा फेरविचार करावयास लावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी तुरुंगांतील जातिभेदासंबंधीच्या निकालात विमुक्त जातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग-नियमावलींतील तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या व त्यांची मनमानी धरपकड होऊ नये असे पोलिसांना बजाविले. कायदा गेल्यानंतर बहात्तर वर्षांनी दप्तराकडे बोट दाखविले गेले.

आता आपल्या कर्तव्याविषयी दोन शब्द. निकाल झाला म्हणजे ठाण्यातील वही आपोआप कोरी होत नाही. आपल्या तालुक्यात अशा नोंदी कोणत्या निकषांवर ठेवल्या जातात, त्यांची तपासणी होते की नाही, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. कोणास अटक झाल्यास अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातलगास कळवावे, वैद्यकीय तपासणी व्हावी, हे १९९६ च्या बसू निकालापासून बंधनकारक आहे. प्रत्येक शाखेने निदान एका वकिलाशी संबंध ठेवून हे नियम आपल्या भगिनींपर्यंत पोचवावेत. कारण रात्री दार ठोठावले जाते तेव्हा बहुधा त्याच उंबऱ्यात उभ्या असतात.

आपली मुले-मुली पोलीसभरतीत यश मिळवीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. काही वडील मंडळींना ती रुचत नाही. ज्या खात्याने आपल्याला हजेरीला उभे केले त्याची वर्दी अंगावर कशासाठी, असे ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की रखवाली हा आपला पिढीजात वारसा आहे आणि तो आपण सोडण्याचे कारण नाही. मात्र वर्दी चढविणाऱ्या तरुणांनी एवढे मनाशी बाळगावे की खुर्ची माणसाला आपल्या साच्यात ओतते. उद्या ‘चार्ज’ घेताना हाती येणारी जुनी यादी तुम्हीही न वाचता पुढे दिलीत, तर आडनाव आपले असून काय उपयोग?

शेवटची गोष्ट थोडी अप्रिय आहे, परंतु आपल्याच व्यासपीठावर ती बोलली पाहिजे. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत. बेरड व रामोशी त्यांपैकी दोन. आपल्या बैठकांतून कधी कधी असे उद्गार ऐकू येतात की, “आम्ही इमानी रखवालदार, आम्हाला उगाच गोवले, खरे चोर ते पलीकडचे.” हे बोलताना आपण पारध्यांकडे वा कैकाड्यांकडे बोट दाखवीत असतो. आपले नाव यादीतून काढून दुसऱ्याचे तसेच ठेवा, अशी मागणी करणे म्हणजे १८७१ च्या सिद्धांतावर आपण होऊन सही करणे होय. चोरी माणूस करतो, जात करीत नाही, हे तत्त्व एकतर सर्वांना लागू आहे, नाहीतर कोणालाच नाही. ज्या दिवशी पलीकडच्या पालावरील निरपराध मुलासाठी आपली संस्था ठाण्याच्या पायरीवर उभी राहील, त्या दिवशी उमाजींच्या प्रतिमेस घातलेला हार सार्थकी लागेल. गावाचा पहारा करणाऱ्यांच्या वंशजांनी आता हा पहारा करावा, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती आहे.